आधी मेन, मग बाकी

संध्याकाळी चर्चची घंटा झाली की शेजारची मावशी असेल तिथून उठायची. हातात अर्धवट सोललेला कांदा असो की कोंबड्यांचं खाणं, ते खाली ठेवायची, कपाळाला क्रूसाची खूण करायची आणि व्हरांड्यातल्या मीटरपाशी जाऊन मेनचा खटका खाली ओढायची. घर अंधारात बुडालं की ओट्यावर बसून प्रार्थना पुटपुटायची. ती संपली की मग फक्त स्वयंपाकघराची आणि देवाच्या खोलीची लाइन पुन्हा चालू. कॉम्प्युटरची खोली सकाळपर्यंत बंद.

"आधी मेन, मग बाकी," असं ती म्हणायची.

आमची बिल्डिंग गास गावाच्या वेशीवर आहे आणि मागे तिची वाडी. आम्ही कोकणातून आलो, मुंबईत भाड्याने राहिलो आणि शेवटी हप्त्यांवर इथे टेकलो. ती मात्र पिढ्यानपिढ्या इथलीच. कोंबड्यांशी ती आपल्या घरच्या बोलीत बोलायची. त्यातलं मला अवाक्षर कळत नसे, कोंबड्यांना सगळं कळायचं. माझ्याशी मात्र चर्चमध्ये मिस्सेच्या वेळी वाचन करावं तशी सावकाश, शुद्ध मराठी.

आमच्या आसपास मी कॉम्प्युटरमधला जाणकार समजला जातो. मी ऑफिसात अडकलेला प्रिंटर एकदा थप्पड मारून चालू केला आणि ही गोष्ट बायकोने कौतुकाने चार घरी सांगितली, एवढीच माझी पात्रता. कौतुकाने सांगितलेली तिची ती शेवटची गोष्ट. त्याची शिक्षा म्हणून माझी रविवारची दुपार कायमची गेली.

आठवडाभर राबलेल्या माणसाला रविवारी जेवून आडवं झाल्यावर कसं वाटतं, ते तुम्हाला सांगायला नको. नेमका डोळा लागायचा आणि कुंपणापलीकडून हाक यायची.

"भाऊ, बाहेरचं काही आत येत नाही हो."

म्हणजे ब्राउझर उघडत नाही. पांढऱ्या पडद्यावर नुसतं चाक गोल गोल फिरत राहतं.

"जा, डॉक्टर," बायको कूस बदलत म्हणायची. "पेशंट वाट बघतोय."

मी जांभया देत जायचो. रोग दर वेळी एकच. रात्रभर त्या खोलीची लाइन बंद, सकाळी वाडीतली कामं, त्यामुळे राउटर दुपारी तिच्या परदेशातल्या लेकीच्या कॉलच्या वेळेला चालू व्हायचा. त्याला जागं व्हायला माझ्यासारखाच वेळ लागे. मी खुर्चीत बसायचो, गंभीर चेहऱ्याने वायर हलवायचो. मावशी चहा आणायची. चहा संपेपर्यंत राउटरचे दिवे लागायचे आणि बाहेरचं आत यायचं.

"तुमच्या हाताला गुण आहे, भाऊ."

"चहाला आहे, मावशी," मी खरं तेच सांगायचो. ती विनय समजायची.

मेन बंद करू नका, असं मी एकदाच म्हणालो. तिने खिडकीतून विहिरीकडे बोट केलं. तिचा नवरा पावसाळ्यात ओल्या हाताने मोटरपंपाला चिकटला होता. संध्याकाळची घंटा चालू होती, म्हणून त्याची हाक कोणालाच ऐकू आली नाही. हे तिने धान्यातला खडा काढून टाकावा तसं सांगितलं आणि विचारलं, "साखर कमी झालीय का?" त्यानंतर मेनचा विषय मी काढला नाही.

तिची एकुलती लेक सिस्टर झालेली. आफ्रिकेत कुठल्याशा मिशनमध्ये शिकवते. दर रविवारी तिचा व्हिडिओ कॉल यायचा. मोबाइल मावशीला चालत नसे. डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला आणि ऑपरेशनला तयारी नाही.

"मोबाइलवर ती मला मुंगीएवढी दिसते," म्हणायची. "मुंगीशी काय बोलायचं?"

मग लेकीची अंतिम व्रतं, कायमची नन व्हायची शपथ, ठरली. त्याआधी महिनाभर एकांतवास, म्हणजे फोन नाही, कॉल नाही. माझे सलग चार रविवार झोपेत गेले. पाचव्या रविवारी व्रतांचा सोहळा होता, तो इथे बसून नेटवर दिसणार होता. गुडघ्यांमुळे मावशीला जाणं शक्य नव्हतं. त्या दिवशी हाक जेवण चालू असतानाच आली. मी हात धुऊन तसाच गेलो.

ती ट्रंकेतलं लाल चौकडीचं लुगडं नेसून, केसांत अबोली माळून कॉम्प्युटरसमोर बसली होती. लग्नघरात बसावी तशी.

"राउटर सकाळीच लावलाय मी," ती म्हणाली. "दिवे पण आहेत. तरी येत नाही."

दिवे खरंच होते. माझं एकमेव औषध रुग्णाने आधीच घेतलेलं. पडद्यावर कनेक्शनबद्दल काहीतरी लाल अक्षरांत लिहून आलं होतं. कनेक्शन हा एक शब्द वाचला आणि मी वायरीकडे वळलो. वायर काढली, फुंकली, लावली. राउटर बंद करून चालू केला. केबलवाल्याला फोन केला, त्याने उचलला नाही. रविवारी तोही माणूसच. ब्राउझर मिटून उघडला, मशीन बंद करून चालू केलं. तीच लाल अक्षरं.

"सुरू झालं असेल ना आता?" तिने विचारलं.

"फादरांचं भाषण चालू असेल. ते लांबतं."

मी माझा मोबाइल पुढे केला. तिने मान फिरवली.

"लेक देवाला द्यायची आणि आईने मुंगी बघायची? नको."

मी शर्टाच्या खिशातून चष्मा काढला आणि पहिल्यांदाच ती लाल अक्षरं शेवटपर्यंत वाचली. घड्याळ मागे आहे, असं ब्राउझर म्हणत होता. मी कोपऱ्यात पाहिलं. पहिली जानेवारी, आणि वर्ष मशीन घेतलं तेव्हाचं.

"मावशी, ही तारीख?"

"हल्ली रोज तीच असते. सकाळी लावलं की पहिली जानेवारी. मी फोटो बघायला लावते ना."

रोज लाइन बंद झाल्यावर मशीनचं घड्याळ आतल्या एका चपट्या सेलवर चालतं. तो सेल त्या महिन्यात कधीतरी संपला होता. आणि जुन्या तारखेचा पास दाखवला तर गेटवरचा वॉचमन आत सोडत नाही, तसं नेटचं आहे, असं कॉम्प्युटर शिकणाऱ्या माझ्या भाचीने मला पुढे समजावलं.

"सांगितलं का नाही मला?"

"त्यात सांगायचं काय?" ती लुगड्याचा काठ सरळ करत म्हणाली. "त्या वर्षी हे होते. ती पण घरातच होती, कॉलेजला जायची. बघून बरं वाटायचं."

माझं बोट माउसवर तसंच राहिलं. ती थोडा वेळ कोपऱ्यातल्या त्या आकड्यांकडे बघत राहिली. तिला ते नीट दिसत होते का, कोण जाणे.

"बदला, भाऊ," ती म्हणाली. "ती तिकडे उभी असेल."

मी आजची तारीख घातली आणि पान उघडलं. एक लहानसं चर्च, रांगेत पांढऱ्या वेषातल्या सिस्टर. सगळ्या मला सारख्याच दिसत होत्या. मावशीने पडद्याला नाक लावलं आणि दुसरीवर बोट ठेवलं.

"बारीक झालीय. भात मिळत नसणार तिथे."

पुढे सगळं संपेपर्यंत ती पडद्याला नाक लावूनच बसली. मी चहा मागितला नाही.

दुसऱ्या दिवशी मी नवा सेल आणून बसवून घेतला. त्यानंतर मशीन बिघडायचं कारण उरलं नाही. तरी रविवारी हाक यायचीच. मी जायचो तेव्हा ब्राउझर व्यवस्थित उघडलेला असायचा आणि चहा गाळून तयार. घरी बायको विचारायची, "काय झालं होतं?" मी म्हणायचो, "जुनंच दुखणं."

गेल्या पावसाळ्यात मावशी गेली. झोपेत, कोणाला त्रास न देता. लेक मातीला पोचू शकली नाही. महिन्याभराने आली आणि तिने मला बोलावलं. मशीनमधून आईचे फोटो काढून घ्यायचे होते. मशीन लगेच चालू झालं, तारीखही बरोबर होती. आम्ही एकेक फोटो बघत बसलो. एका फोटोत सगळे विहिरीच्या काठावर उभे होते, तिथे सिस्टर थांबल्या.

तेवढ्यात घंटा सुरू झाली.

मी उठलो, व्हरांड्यात गेलो आणि खटका खाली ओढला. खोलीत अंधार झाला. थोड्या वेळाने अंधारातून सिस्टरांचं प्रार्थना पुटपुटणं ऐकू आलं, मावशी कोंबड्यांशी बोलायची त्याच बोलीत. मी ओट्यावर टेकलो आणि ते संपायची वाट बघत राहिलो.