दोघांच्या ट्रॅक्टरची दुरुस्ती

वाटणीत रान निघालं, बैल निघाले, घराच्या मधोमध भिंत उभी राहिली. राहिला तो लहान ट्रॅक्टर. त्याचे काही दोन तुकडे होत नव्हते, म्हणून तो थोरल्या भावाचा आणि माझा सामाईक ठेवला. एक आठवडा त्याच्याकडे, एक माझ्याकडे. रेणापूरच्या बाजाराच्या दिवशी पाळी बदलायची.

भिंत झाल्यापासून आमचं बोलणं जवळपास बंदच होतं. पण चावी द्यायला यावं लागे, आणि आलेल्याला चहा द्यावाच लागे. चहा पिताना बोलायचं काय, तर ट्रॅक्टरच्या पुढच्या एक्सलचं. तो ज्या मधल्या पिनेवर झुलतो तिथलं बुश, म्हणजे पिनेभोवतीची धातूची नळी, झिजलं होतं. स्टेअरिंग फिरवलं की चाकं जरा विचार करून वळायची आणि कोळपताना सोयाबीनची दोन-चार झाडं आडवी व्हायची. भाऊ म्हणायचा, लई हालतंय. मी म्हणायचो, हाव, बघावं लागंल. बघत कुणीच नव्हतं. ज्याची पाळी तो आपल्यापुरती पत्र्याची चकती कापून फटीत सारायचा आणि आठवडा काढायचा. मला या कारभाराचा संताप यायचा. चांगली शहाणीसुरती माणसं आम्ही, आणि पत्रे कापत बसायचो.

यंदा कोळपणीच्या तोंडावर चाकं इतकी डुगडुगायला लागली की बांधावरून उतरताना ट्रॅक्टर एका अंगाला कलला. भावाचं वय झालंय, कंबर धरलेली असते. त्याच्या पाळीला ट्रॅक्टर उलटला म्हणजे? मी तो तसाच मिस्त्रीकडे नेला. त्यानं पुढून जॅक लावून पिन ठोकून काढली. आत चकत्यांची चळतच होती. तेलाच्या डब्याच्या, वेड्यावाकड्या, त्या माझ्या. कडा घासून गोल केलेल्या, त्या भावाच्या. लहानपणापासून त्याचं काम तसंच. मिस्त्रीनं लेथवरून नवी पिन करून आणली, नवं बुश ठोकलं, ग्रीस भरलं. एक्सलचं डुगडुगणं थांबलं. मी इतका खूश झालो की येताना भावासाठी जिलबी घेतली.

बाजाराच्या दिवशी चावी आणि जिलबी घेऊन भिंतीपलीकडे गेलो. म्हटलं, आता काही हलत नाही. भावानं बाहेर येऊन चाक दोन्ही हातांनी धरून हलवून पाहिलं. मग चाक सोडून माझ्याकडे वळला.

"मला इचारलं न्हाईस," तो म्हणाला.

त्याच्याच काळजीनं केलं, असं मी सांगत राहिलो. त्यानं ते ऐकून घेतलं.

"सामाईक हिरीतला गाळबी एकट्यानं काढत न्हाईत. काढला की हीर त्याची होती. ट्रॅक्टर तुझा झाला आता. ठेव तू."

चावी त्यानं घेतली नाही. चहा टाकायला उठलेली वहिनी परत खाली बसली.

आधी मला त्याचा राग आला. घरी येईपर्यंत माझाच आला, कारण त्याच्या जागी मी असतो तर हेच बोललो असतो. वाटणीच्या वेळी त्यानं एकट्यानं काढलेल्या विहिरीच्या गाळावरूनच तर आम्ही हमरीतुमरीवर आलो होतो, आणि तेव्हा ओरडणारा मी होतो. एवढं माहीत असून ते माझ्या डोक्यात आलं नाही. पुढच्या बाजारालाही मी चावी घेऊन गेलो. त्यानं दारातूनच नको म्हणून हात हलवला. आता त्याच्या रानात भाड्याचा ट्रॅक्टर येतो. माझा अगदी सरळ चालतो, एक झाड मोडत नाही, आणि मला त्याच्यावर बसावंसं वाटत नाही.

परवा मिस्त्रीकडे गेलो होतो. जुनं बुश परत बसवून द्या म्हणालो. भावाला बोलावून आणतो, त्याच्या हातानं हलवून दाखवतो, मग तो म्हणेल तेव्हा दोघं मिळून नवं टाकू. मिस्त्रीनं हातातला पाना खाली ठेवला.

"तुमच्या समोरच छिन्नीनं फोडून काढलं की वो ते," तो म्हणाला. "आता कुठनं आणू?"