पूर्वेची बाजू

अण्णांनी मला फसवलं, आणि तेही वसंतासाठी. कल्याणात उदबत्तीचा धंदा मी शून्यातून उभा केला. माल घेताना मला कोणी गंडवू शकलं नाही. ते काम कळव्याच्या या म्हाताऱ्याने केलं.

अण्णा आसामात चहाच्या मळ्यावर कारकून होते. देश स्वतंत्र झाला त्या वर्षी परतले ते अगरूची रोपं घेऊन. परसात एकच जगलं. अगरूला जखम झाली की आतलं लाकूड हळूहळू काळं, तेलकट होतं आणि जाळलं की घमघमतं. झाड जाडजूड झाल्यावर अण्णा ही जखम गिरमिटाने करू लागले. आधी खोडावर तळवा ठेवून म्हणत, "बाबा रे, थोडं दुखेल हं."

गिरमिटाला लाल दोरा बांधलेला असे. भोक दोऱ्यापर्यंतच पाडायचं आणि एका हंगामात झाडाची एकच बाजू. "चहूकडून पोखरलंस तर पाणी वर चढेल कुठून? सदा, आपल्याला वास हवाय, सरपण नकोय."

त्या लाकडापायी रेशनच्या रांगेत त्यांच्यासाठी मी उभा राहिलो, तापात उशाशी मी बसलो. वसंता ठाण्याचा, माझ्याच धंद्यातला. तो नुसता चहा प्यायला येई आणि अण्णा त्याला "बस रे राजा" म्हणत. मला कधी राजा म्हणाले नाहीत.

अखेर एकदा गिरमिट माझ्या हाती दिलं. मी जोर लावला. दोरा आत गेला.

अण्णांनी मनगट धरलं. "अरे, ही काय बाजारातली घासाघीस आहे? थांब म्हटलं की थांबावं!" मी गिरमिट आपटलं. निघताना ते मागून म्हणाले, "पूर्वेची बाजू तुझी. पुढच्या वर्षी ये."

पुढच्या वर्षी गेलो, तर गिरमिट वसंताच्या हातात! "या सदाशेठ," तो हसून म्हणाला, "आज आम्ही दक्षिणेला आहोत." मी उंबऱ्यावरूनच परतलो. पुन्हा गेलो तो थेट अण्णांच्या तेराव्याला.

परस आता वसंता सांभाळतो. त्या दिवशी पंगत टाकून मी झाडामागे गेलो. तिन्ही बाजूंना भोकं होती. पूर्वेला एकही नव्हतं.

वसंता, अण्णा तर गेले. आता तूच सांग, ती बाजू तू कुणाच्या सांगण्यावरून राखलीस? आणि मला एका शब्दाने कळवलं का नाहीस?