चेहऱ्याला कोपरे नसतात

माणसाचा चेहरा खऱ्या अर्थाने टिपू शकतील अशा जगात तीनच लेन्स घडल्या आणि त्यांतली एक बदलापूर पूर्वेला आहे, असं कर्णिककाका सांगत. उरलेल्या दोन कुठे आहेत, हे त्यांना माहीत नव्हतं. हा निवाडा त्यांनी एका जुन्या परदेशी मासिकात वाचला होता. अंकाचं मुखपृष्ठ फाटून गेलं होतं, त्यामुळे मासिक कोणतं, हेही आता सांगता येत नव्हतं.

काका अंबरनाथच्या एका रासायनिक कारखान्यात माल तपासणारे अधिकारी होते. निवृत्त झाले तरी तपासणी सुटली नव्हती. आमची घरं शेजारी शेजारी, मध्ये एक कमरेएवढी भिंत. तिच्यावरून दूधवाल्याच्या मापावर, गॅसच्या शेगडीवरच्या हमीवर आणि नगरसेवकांच्या भाषणांवर त्यांचे शेरे ऐकू येत. एका कंत्राटदाराने आमच्या टाकीच्या रंगाचं छापील प्रमाणपत्र आणलं, तेव्हा काकांनी ते न वाचता टाकीवर नख ओढलं. पापुद्रा हातात आला. “प्रमाणपत्र वाचायचं नसतं, माल बघायचा असतो,” हे त्यांचं वाक्य आम्हा सगळ्यांना पाठ होतं.

लेन्सच्या बाबतीत मात्र त्यांनी प्रमाणपत्र वाचलं होतं. माल एकदाच बघितला, तोही मी फार मागे लागलो म्हणून. भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवून फोटो काढला. मधला मजकूर वाचता येत होता. चारी कोपरे पाण्यात भिजल्यासारखे दिसत होते. काकांनी फोटो बराच वेळ न्याहाळला आणि म्हणाले, “चेहऱ्याला कोपरे नसतात.” विषय तिथे संपला.

लेन्सच्या आत बारीक पात्यांचं एक भोक असतं. ते पूर्ण उघडं ठेवलं की चेहऱ्याचा एक पातळ थर स्पष्ट येतो आणि बाकीचं विरघळून जातं. लहान केलं की पुढचं मागचं सगळं स्वच्छ दिसतं. या लेन्सची कीर्ती विरघळवण्याबद्दल होती, म्हणून काकांनी ते भोक कधी लहान केलंच नाही. लेन्स अशी बंद करून वापरायची म्हणजे मोठ्या गवयाला बोलावून त्याच्याकडून शाळेची प्रार्थना म्हणवून घ्यायची, असं ते म्हणत. नव्या कॅमेऱ्याबरोबर आलेली साधी लेन्स त्यांनी भाच्याला देऊन टाकली होती.

या कलेचा सगळा भार नलूकाकूंवर पडला. तीस वर्षं त्या समोर बसत आल्या. दर फोटोत त्यांचा एक डोळा लखलखीत. दुसऱ्या डोळ्यापासून धुकं सुरू होई. “माझा डावा डोळा फार सुंदर आहे असं ऐकते,” त्या सांगत, “बाकीची मी कुठे गेले ते यांना विचारा.” मागे उजेडाच्या गोल चकत्या आल्या की त्या विचारत, हे फुगे कशाला, कोणाचा वाढदिवस आहे? अंगणात त्यांनी लावलेला फणस होता. चामटोलीच्या भाजीवालीने दिलेली आठळी पुरली होती, तिचं झाड आता कौलांच्या वर गेलं होतं. काकांच्या फोटोंत त्याची पालकाची पातळ भाजी होई.

काकूंचं दुखणं निघालं ते यकृताचं, आणि उशिरा. डॉक्टरांनी काही महिने सांगितले. काकूंनी कोणापुढे रडगाणं गायलं नाही. एवढंच म्हणाल्या, झाडाखाली एक फोटो काढा. मी अख्खी दिसले पाहिजे आणि झाडही दिसलं पाहिजे. माझ्या मागे भिंतीवर लावायला.

मी माझा मोबाइल पुढे केला. त्या म्हणाल्या, “नको रे. इतकी वर्षं यांच्यापुढे बसले. शेवटचा तू काढलास तर यांना काय वाटेल?”

काकांनी पहिल्यांदाच लेन्सवरचं कडं फिरवलं आणि भोक लहान केलं. फोटो पाहिला तर डावा डोळा आणि पातळ भाजी. पुन्हा काढला, पुन्हा तेच. काकू म्हणाल्या, “राहू द्या, जमत नसेल तर.” असे ओशाळलेले काका मला कधी दिसले नव्हते.

दुसऱ्या दिवशी आम्ही उल्हासनगर कॅम्प दोनला गेलो. तिथे भगवानदास नावाच्या म्हाताऱ्या कारागिराचं कॅमेरे आणि घड्याळं दुरुस्त करायचं चिंचोळं दुकान होतं. त्याने लेन्स खोलली, भिंगातून आत पाहिलं. “साईं, इसको आपने कभी बंद ही नहीं किया. तेल आके पत्ती चिपक गयी.” एकेक पातं काढून धुवावं लागणार होतं. पंधरा दिवस. काकांनी विचारलं, पण लेन्स म्हणून कशी आहे? भगवानदास भिंग पुसत म्हणाला, “लेन्स ठीक है. नाम जरा ज्यादा अच्छा है.”

मग त्याने फळीवरून एक प्लॅस्टिकची लेन्स काढून पुढे ठेवली. तोपर्यंत ही न्या, सगळं साफ येईल. काकांनी ती हातातही घेतली नाही. बाहेर रिक्षात बसल्यावर म्हणाले, “तीस वर्षं नलू थांबली. पंधरा दिवस थांबेल.”

काकू अकराव्या दिवशी गेल्या.

तेराव्याच्या आधी काकांनी मला संगणकापुढे बसवलं. हजारो फोटो होते. काका शेजारी बसून एकेक पुढे ढकलत होते, आणि दर फोटोला मी नाही म्हणत होतो. शेवटी आधार कार्डावरचा मोठा करून घेतला. त्यात दोन्ही डोळे होते. मागे पांढरा पडदा होता.

लेन्स वेळेवर आली. काकांनी मला फणसाखाली बसवलं, भोक लहान केलं आणि फोटो काढला. माझे दोन्ही डोळे, फणसाचा काटा न् काटा, शेजारच्या दोरीवरची बनियन, सगळं स्वच्छ आलं. काका स्क्रीनकडे बघत राहिले. “हे कुठल्याही लेन्सने आलं असतं,” म्हणाले. तपासणी त्यांची बरोबर होती.

त्यानंतर ते शेरे मारेनासे झाले. दूधवाला घालेल ते माप घेऊ लागले. गेल्या उन्हाळ्यात मुलीकडे नाशिकला राहायला गेले. जाण्याआधी वांगणीचा एक फोटोग्राफर लेन्स घ्यायला आला. फार्महाउसवर लग्नाआधीचे फोटो काढायचा त्याचा धंदा. त्याने लेन्सवरचं नाव दोनदा मोठ्याने वाचलं आणि मित्राला फोन करून कळवलं. काका म्हणाले, नाव राहू दे, झाडाकडे धरून बघ.

“पूरी खुलती है ना, काका?”

“उघडते. आता बंदही होते.”

त्याने उघडून पाहिली. बंद करून पाहिली नाही.