दादा, गार्डसाहेब आणि नदीकाठची साईट

नदीला पूर येऊन गेला की काठाच्या झुडपांत काय काय अडकून राहतं. एका पायाची चप्पल, दुधाची पिशवी, कुणाची तरी चड्डी. मुद्दाम कुणी ठेवलेलं नसतं, पण साठतं. आमच्या साईटचे किस्से असेच साठलेत. मी ते सांगायला बसलोय, कारण ज्याचे ते आहेत तो सांगायला राहिला नाही.

साईट म्हणजे आहुप्याच्या अलीकडे, जंगलात, घोड नदीच्या काठावरची मोकळी जागा. वनखात्यानं तिथं चार-पाच तंबू मावतील एवढं सपाट करून दिलंय, दगडाच्या चुली मांडल्यात आणि एक नळ बसवलाय. त्या नळातून पाणी आलेलं कुणी पाहिलेलं नाही. समोर नदी असताना नळ कशाला, हे विचारायला आम्हीही कधी गेलो नाही. दर थंडीत आम्ही चौघं तिथं मुक्कामाला जायचो. माझा मोठा भाऊ विलास, म्हणजे दादा, बेल्ह्याच्या बाजारात बैलांचा दलाल. कैलास, टेम्पोवाला. पोपट, गावातला न्हावी. आणि मी. सातवीनंतर मी शाळेचं तोंड पाहिलं नाही आणि शाळेनंही मला बोलावलं नाही.

दादा यंदाच्या श्रावणात गेला. आळेफाट्याच्या वळणावर, मोटरसायकलवर. हे लिहिता येतं. तोंडानं मात्र मी गावात अजून कुणाला सांगितलेलं नाही. कुणी विचारलं की मी उठून जातो आणि वहिनी सांगते. कैलास म्हणतो, एकदा बोलून टाक, मोकळा होशील. मला मोकळं व्हायचं नाहीये. असो.

*

पहिल्या वर्षी आमच्याकडे तंबू नव्हता. कैलासनं टेम्पोची ताडपत्री आणली. त्या टेम्पोतून आठवडाभर बैल जायचे, त्यामुळे ताडपत्रीला काय वास होता ते विचारू नका. शेजारी पुण्याच्या कॉलेजच्या पोरांचे रंगीत तंबू. त्यांनी आमच्याकडे बघून आपले तंबू हळूच लांब सरकवले.

सकाळी डोळे उघडले तर वाडीवरची सगळी गुरं आमच्याभोवती. पुण्याच्या तंबूंकडे एकानंही ढुंकून पाहिलं नाही. सगळी आमची ताडपत्री चाटत होती. एका बैलानं तर सरळ आत डोकं घातलं आणि दादाच्या तोंडावर श्वास सोडला.

दादा झोपेतच होता. त्यानं डोळे न उघडता हात वर केला, बैलाचा खालचा ओठ ओढला, वय बघतात तसा दातांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "सहादाती हाय. पण मालक खोटं बोलतोय." आणि कुशीवर वळून परत घोरायला लागला.

*

आता गार्डसाहेब. साईटवर देखरेख करायला एक फॉरेस्ट गार्ड असायचा, काठीएवढाच बारीक आणि काठीएवढाच सरळ. तो आमच्यापेक्षा वयानं थोडा मोठा, पण बोलायचा हेडमास्तरासारखा. चुलीबाहेर जाळ करायचा नाही, टेप वाजवायचा नाही, नदीत साबण लावायचा नाही. आम्ही या सगळ्या गोष्टी पहिल्याच दिवशी केल्या.

त्यानं शिक्षा म्हणून आमचा मुक्काम एका रात्रीवर आणला. खांद्यावरचं उपरणं काढून दादानं गार्डसाहेबाच्या हातावर टाकलं आणि खालून त्याची बोटं धरली. बैलबाजारात सौदा असाच होतो. तोंडानं भाव बोलायचा नाही, कापडाखाली बोटं दाबायची. दादानं तीन बोटं दाबली, म्हणजे तीन रात्री. गार्डसाहेब पलीकडच्या तालुक्यातला, शेतकऱ्याच्या घरातला नसलेला. त्याला यातलं काही माहीत नाही. दोघं असेच हातात हात घालून उभे. तेवढ्यात वरून एका शाळेची सहल उतरली. मुली हसायला लागल्या.

गार्डसाहेब लाल झाला. हळू आवाजात म्हणाला, "हात सोडा राव, माझं लगीन झालंय."

दादानं मग समजावलं. दोन रात्रींवर जमलं. पुढच्या वर्षी आम्ही टेम्पोतून उतरतोय तोवर गार्डसाहेब चालत आला, खिशातून स्वतःचा टॉवेल काढला आणि हात पुढे केला. एक बोट दाबलं त्यानं. लई पक्का झाला होता.

*

आहुप्याची देवराई सगळ्यांना माहीत आहे. तिथलं पानही कुणी तोडत नाही, खाली पडलेली काटकीही घरी नेत नाही. पोपट भल्या सकाळी फिरत फिरत तिथं गेला आणि पडलेली काडी उचलून दात घासत परत आला. वाटेत एक म्हातारी भेटली. तिनं विचारलं, काडी कुठली? पोपट खरं बोलला. देवाधर्माला तो फार भितो. म्हातारीनं सांगितलं, जिथली तिथं ठेवून ये, नाहीतर बघ.

आता काडी अर्धी चावलेली. पोपट दादाकडे आला, जवळजवळ रडत. दादानं गंभीर चेहरा करून सांगितलं की नुसती ठेवून भागत नाही, झाडाला परत जोडावी लागते. पोपटानं बुटाची नाडी काढली आणि ती चावलेली काडी एका झाडाच्या फांदीला बांधून, पाया पडून आला.

दुसऱ्या दिवशी म्हातारी साईटवर शोधत आली. कमरेवर हात ठेवून म्हणाली, "कोन तो? आता देवाला दात घासायला लावतो व्हय रं?"

*

मोबाईल आल्यावर साईटवर नवीन लोक यायला लागले. एकदा पुण्याचं एक जोडपं आलं. संध्याकाळ व्हायच्या आत बाई घाबरल्या. नवऱ्याला घेऊन आमच्या चुलीपाशी आल्या आणि विचारलं, इथं बिबट्या आहे का? दादानं विचारलं, तुम्ही आलात कुठल्या रस्त्यानं? नारायणगावावरून, म्हणाल्या. मग दादानं त्यांना बसवून चहा दिला आणि सांगितलं, "ताई, बिबट्या तुमी मागं टाकून आलात. त्यो उसात ऱ्हातो. हितं जंगलात त्याला करमत न्हाय."

आमच्या भागात हे शंभर टक्के खरं आहे. त्यांना ते पटलं नाही. रात्रभर गाडीत बसून राहिले.

*

हा किस्सा साईटचा नाही, पण यातच बसतो. दादाच्या तिसऱ्या दिवशी घरात माणसं भरलेली. कुणीतरी म्हणालं की गाडीच वाईट होती, ब्रेकच लागत नव्हते. माझं डोकं फिरलं. गोठ्यातली पहार घेतली आणि अंगणातली मोटरसायकल फोडली. टाकी, लाईट, आरसे, सगळं. कुणी अडवलं नाही. दम लागून थांबलो तेव्हा मागून एक म्हातारे पावणे हळूच म्हणाले, "झालं का? आता मला एस्टीचं टायमिंग तेवढं सांगा."

दादाची गाडी पोलीस ठाण्यात होती. ही त्यांची. भेटायला आले होते.

त्या दिवशी घरात तीन दिवसांनी कुणीतरी हसलं. ती वहिनी होती. मग तिला कुणाला आवरता येईना.

*

यंदा जायचं की नाही, हे कैलास आणि पोपट एकमेकांवर ढकलत होते. मीच म्हणालो, जायचं. परवानगी काढायला पोपट घोडेगावला वनखात्याच्या कचेरीत गेला. मुक्काम कुणाच्या नावावर, असं साहेबांनी विचारलं, आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं पोपट दादाचं नाव सांगून मोकळा झाला. बाहेर आल्यावर लक्षात आलं. परत आत जाऊन बदलायचं तर कारण सांगावं लागलं असतं. पोपट तिथल्या पायरीवर बसून रडला आणि तसाच घरी आला.

साईटचा नियम असा की ज्याच्या नावावर परवानगी, तो हजर पाहिजे. दुपारी आम्ही पोचलो तर गार्डसाहेब आधीच हजर. चौकीवर फोन नाही, दादाचं त्याला कुठून कळणार? त्याच्या हातात दोरी, दोरीला एक गोऱ्हा. सासऱ्याकडे शेती करायला घ्यायचा होता म्हणे. "विलासशेटनी दात बघितल्याबिगर घेनार न्हाय," म्हणाला. "कुठायत?"

कैलासनं माझ्याकडे बघितलं. पोपटानं बघितलं. भाऊ मी, सांगायचं मीच. मी ताडपत्री सोडायला लागलो.

मग कैलास म्हणाला, मागनं येतोय.

गार्डसाहेबानं गोऱ्हा आमच्या तंबूशेजारी बांधला आणि तिथंच बसला. तासाभरानं त्यानं परत विचारलं. कैलास म्हणाला, आळेफाटा सोडला असेल आता. चहा झाल्यावर पोपट म्हणाला, नारायणगावात कुणीतरी भेटलं असेल. दिवस कलला तेव्हा त्या दोघांनी दादाला मंचरहून पुढं काढला होता, घोडेगावात त्याला भजी खायला थांबवला होता. मी चूल फुंकत ऐकत होतो. आळेफाट्याच्या पुढं आला होता तो. मला वाटलं, आणखी थोडं खोटं बोलले तर डिंभ्याचं धरण ओलांडून वळणावर दिसेलच.

गार्डसाहेब रात्री चौकीवर गेला आणि उजाडताच परत आला. गोऱ्ह्याला नदीवर धुऊन आणलं, शिंगांना तेल लावलं. मग वाटेकडं तोंड करून उभा राहिला. आता डिंभ्याच्या पुढं दादाला आणायची कुणाची हिंमत होईना. एकच रस्ता, आणि तो रिकामा दिसत होता.

मी उठलो. त्याच्याजवळ गेलो. म्हणालो, "गार्डसाहेब, दादा मेला."

त्यानं माझ्याकडे बघितलं. मग कैलासकडे, मग पोपटाकडे. दोघांच्या माना खाली. त्यानं दोरी सोडली, टोपी नीट केली, काठी उचलली आणि टेप वाजवल्याबद्दल जो आवाज लावायचा तोच लावून विचारलं,

"कुनाला इचारून?"

आम्ही तिघंही त्याच्यासमोर ओळीनं उभे राहिलो.