डावखुरा खुनी

परदेशातल्या डीमन गावी, आमच्या घरात जेवणाच्या टेबलावर बसून मी एका जुन्या जर्मन बोलपटाची मराठी सबटायटल्स केली. सिनेमा नुकताच बोलू लागला होता तेव्हाचा, खुनाचा. त्या काळी डबिंग धड जमत नसे, म्हणून आधी इंग्रजीत काढलेला सिनेमा त्याच सेटवर दुसरे नट घेऊन पुन्हा जर्मनमध्ये काढला होता. पुण्यात मी जर्मन शिकवायचे. इथे आले ती नवऱ्याच्या व्हिसावर, आणि मराठी मंडळात माझी ओळख 'वडे छान करतात' एवढीच उरली. या सबटायटल्सवर माझं नाव येणार म्हणून मी अगदी हरखून गेले होते.

मंडळाचे अध्यक्ष आयटीतले, मोठ्या हुद्द्यावरचे. जर्मनचा गंध नाही. फाइल न्यायला घरी आले तेव्हा मी हौसेनं सांगायला लागले, "इंग्रजीत खुनी डाव्या हातानं काडी ओढतो, त्यावरूनच सापडतो. पण जर्मनमध्ये नट वेगळे, त्यामुळे..."

"कळलं हो वहिनी. सेम मूव्ही आहे ना? मी इंग्रजीतली बघतो, बास!" आणखी एक वडा उचलत ते म्हणाले.

पुढच्या आठवड्यात ग्रुपवर पोस्टर आलं. 'संशोधन व मराठी सबटायटल्स' यापुढे त्यांचं नाव. तळाशी, 'अल्पोपहार व आभारप्रदर्शन' यापुढे मी, म्हणजे नुसतं 'सौ.' आणि नवऱ्याचं आडनाव. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नवरा म्हणाला, "जाऊ दे गं, आपलीच माणसं." आपलीच, म्हणून तर जास्त झोंबलं. भांडायला फोन उचलला आणि माझं ते अर्धवट तोडलेलं वाक्य आठवलं. फोन खाली ठेवला. आता ते वाक्य मी पुरं करणार नव्हते.

कार्यक्रमाच्या दिवशी हॉल भरला. अध्यक्षांनी प्रास्ताविक केलं. "हा सिनेमा मी कोळून प्यालोय. एकच सांगतो, डाव्या हातावर लक्ष ठेवा!"

जर्मन सिनेमातला खुनी उजव्या हाताचा. डावखुरा एकच, इन्स्पेक्टरचं काम करणारा नट. त्यानं पहिली सिगारेट पेटवली आणि पुण्याहून मुलीकडे आलेले एक आजोबा ओरडले, "हाच तो!" मग शेवटपर्यंत सगळा हॉल बिचाऱ्या पोलिसावर डोळा ठेवून. त्यानंच खुनी निघालेल्या डॉक्टरला बेड्या घातल्या तेव्हा आधी कुजबुज झाली, मग हशा. अध्यक्ष खाली मान घालून मोबाइल चाळत होते. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू.

आभाराला उठलं की आमच्याकडे लोक कोट शोधू लागतात. त्या दिवशी कुणी हललं नाही.

"अध्यक्षांचे विशेष आभार," मी म्हटलं. "सिनेमा न बघता त्याची सबटायटल्स करणं सोपं नाही."

"अहो, मग केली कुणी?" आजोबांनी विचारलं.

मी माइक अध्यक्षांसमोर धरला.

"वहिनींनी," ते पुटपुटले.

"नाव सांगा की," मी म्हटलं.

इतक्या वर्षांत त्यांनी ते कधी विचारलंच नव्हतं. त्यांनी माझ्या नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्यानं तोंड उघडलं, तसं मी त्याला डोळ्यांनीच दटावलं. चहा निवत होता. निवू दे म्हटलं, आणि माइक तसाच धरून उभी राहिले.