मृणालीचा सूर्य आणि रावजीचं कुंपण

मृणालीला एका जागी बसलेलं मी कधी पाहिलं नाही. गावच्या नमनात, आमच्या सोंगांच्या खेळात, ती गवळण व्हायची, तेव्हा मृदंगावर थाप पडायच्या आधीच ही रिंगणात शिरायची. आता ती एका संस्थेसाठी सूर्य ऐकते. सूर्यावर स्फोट झाला की रेडिओलहरी सुटतात. त्यातल्या लांब लहरी पकडायला तिने पूर्णगडच्या सड्यावर, त्या उघड्या कातळमाळावर, खांब रोवून तारा ताणल्या. महिनाअखेरपर्यंत एकही स्वच्छ नोंद गेली नाही, तर संस्था तारा उचलून दुसरीकडे नेणार होती, आणि हिलाही गाव सोडावं लागणार होतं.

नोंदीत मात्र सारखी टिकटिक. तिने तारा तपासल्या, जोड पुन्हा केले. शेवटी छोटा रेडिओ कानाला लावून उन्हात भटकत ती आवाजाच्या उगमाशी पोचली, तो तिच्या काकाच्या, रावजीच्या, आंब्याच्या कलमांच्या बागेत. वानरांना अडवायला लावलेलं विजेच्या झटक्याचं कुंपण, दर झटक्याला एक टिक! आणि ते गेल्या वर्षी तिनेच काकाला भेट दिलेलं.

दिवसा ते बंद ठेव म्हणून तिने विनवलं. रावजी म्हणाला, "सूर्य काय पळून जातोय काय गो? वानर मात्र कणी, हे कोवळे आंबे, खाऊन जातील."

तिचा चेहरा बघून मी मध्ये पडलो. दिवसभर बाग मी राखतो म्हटलं.

"तात्या, या वयात?" रावजीने मला विचारलं.

"नमनात रावणाचं सोंग आयुष्यभर घेतलं रे. वानरं मला काय नवी?"

रावजी हसला, आणि त्याने कुंपण बंद केलं.

दोन दिवस सूर्य गप्प. मृणाली बागेला लागून असलेल्या यंत्रांच्या खोपीतून तारांकडे, तारांकडून खोपीत. जेवणाचा डबा तसाच. तिसऱ्या दुपारी टोळी आली. मी रावणाची गर्जना दिली, वानरं पांगली. एवढ्यात खोपीतल्या स्पीकरमधली खरखर फुगत गेली, भरतीच्या गाजेसारखी, आणि ओसरली. मध्ये एकही टिकटिक नाही. मी खोपीच्या दाराशी जाऊन पाहिलं. मृणाली पडद्यासमोर निश्चल उभी होती. मीही तिथेच उभा राहिलो.

माझ्या पाठीमागे परतलेल्या वानरांनी वरच्या अंगाची कलमं ओरबाडली.

रावजी आला. खाली पडलेली कणी त्याने पायाने सारली, माझ्याकडे पाहिलं, मग तिला विचारलं, "गावला?"

तिने मान डोलावली. डोळे भरलेले.

"मग आंब्याच्या दोन पेट्या सूर्यानेच खाल्ल्या म्हणायचं," रावजी म्हणाला. "कुंपण आता रोज तो बुडाल्यावर लावीन. तात्या, उद्यापासून तुमच्याबरोबर मीपण ओरडायला येतो."