अर्ध्या चंद्राची पावशी

नागपुरात सक्करदऱ्याच्या तलावाकाठी देवाजी लोहाराची चप्पल आणि सदरा सापडला, ते साल सदुसष्ट. प्रेत मिळालं नाही. तळाशी गाळ फार, माणूस अडकला की वर येत नाही, असं लोक म्हणाले. थोरल्या भावानं, चंपतरावानं, पिठाचा पुतळा करून क्रियाकर्म उरकलं. देवाजीची बायको वच्छला तेव्हा चोविशीची होती, मूलबाळ नव्हतं. आळीतल्या बायांनी तिच्या बांगड्या फोडल्या आणि कपाळ पुसलं.

दोघे भाऊ एकाच भट्टीवर सुऱ्या आणि पावश्या घडवायचे. पावशी म्हणजे आमच्याकडची पाटावर बसवलेली विळी. भाता वच्छला ओढायची. रोज समोर पाहून पाहून कोणतं पातं कोणाच्या हातचं, हे तिला न विचारता कळायचं. देवाजी डावखुरा होता, त्याच्या पात्यावर घावांच्या खुणा उलट्या अंगानं तिरप्या पडत. मानेजवळ तो गोल ठिपक्याचा ठसा मारी. तो झिजला तेव्हा त्यानं नवा घडवला, अर्ध्या चंद्राचा. वच्छलेनं सांडशीत धरला आणि त्यानं कानशीनं घासला. त्या ठशाचं पहिलं पातं घरात निघायच्या आधीच देवाजी गेला. पेटीत ठसा नव्हता. कमरेला खोचला असेल, त्याच्यासोबतच बुडाला, असं तिनं धरून घेतलं.

त्यांच्या जातीत विधवेचा पाट, म्हणजे दुसरं लग्न, लागत असे. वर्षश्राद्धानंतर उमरेडचा रुपराव विचारायला आला. त्याची बायको बाळंतपणात गेली होती. माणूस शांत होता. चंपतरावानं त्याला ओट्यावरूनच परतवून लावलं.

"आमच्या घरची बाई दुसऱ्याच्या घरी जात नाही."

वच्छला दाराआड उभी होती. तिला जायचं होतं, पण दिरापुढं बोलायची सोय नव्हती. पुढं कारखान्याच्या स्टीलच्या सुऱ्या आल्या, भट्टी मंदावली, तेव्हा त्याच चंपतरावानं तिला धंतोलीत इंदूबाईंकडे स्वयंपाकाला लावून दिलं.

अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात इंदूबाईंचे भाऊ मधुकरराव भिवापूरहून मिरच्या घेऊन आले. सोबत एक पावशी होती.

"जुन्या घडणीची आहे," ते बहिणीला म्हणाले. "विकणारा म्हणत होता, पन्नास वर्षांपूर्वीची."

वच्छलेनं पावशी उजेडात धरली. घाव उलटे तिरपे होते. तिनं मानेवरून अंगठा फिरवला, तर तिथं अर्धा चंद्र. पन्नास वर्षं कुठली, देवाजी मेला त्या सालाहून ही पावशी जुनी असूच शकत नव्हती. त्याआधी हा ठसाच नव्हता, आणि देवाजी जाईपर्यंत त्याचं एकही पातं घडलं नव्हतं.

"काय झालं वं?" इंदूबाईंनी विचारलं.

"काही नाही. भाऊ, हे कोनाजवळून घेतली?"

"बाजाराच्या टोकाला एक लोहार बसतो. डाव्या हातानं ठोकतो."

दुसऱ्या दिवशी सुटी मागून ती इतवारी स्टेशनाहून छोट्या गाडीनं भिवापूरला गेली.

देवाजी भट्टीपुढं बसला होता. केस पिकलेले, पोट सुटलेलं. एक बाई भाता ओढत होती, बाजूला दोन पोरी कोळसा निवडत होत्या. वच्छलेला पाहून त्याचा हातोडा खाली आला.

"कोन हायेत जी?" बाईनं विचारलं.

"नागपूरच्या. गिऱ्हाईक."

बाईचं नाव जिजा. ती पाणी आणायला आत गेली.

"काहून गेले तुमी?" वच्छला म्हणाली.

"इच्यासंगं जमलं होतं. तुले सांगाची हिम्मत नाही झाली."

"मंग सोडचिठ्ठी द्याची होती. मी पाट लावला असता."

देवाजीनं सांडशीनं निखारे सारले. "दादा म्हने, ते गेली त भाता कोन ओढन? मेला म्हनू, म्हने. कोनी विचारत नाही."

"भाऊजीले माहीत होतं?"

"चप्पल त्यानंच नेऊन ठेवली."

जिजा पाणी घेऊन आली. वच्छलेला तहान लागली होती, ती प्याली. भांडं परत देऊन ती रस्त्याला लागली. ऐरणीवरचं लोखंड थंड झालं होतं, देवाजीनं ते पुन्हा भट्टीत घातलं.

घरी आली तेव्हा चंपतराव जेवत होता.

"भाऊजी, मी भिवापूरले जाऊन आली."

त्यानं पुढचा घास मोडला. मग तो म्हणाला, "मंग आता लाव कुंकू."

ती जातीच्या पंचांकडे गेली. वामनराव त्यांच्यातले वडील. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "बाई, त्याले लेकरं हायेत. तुह्यं वय निघून गेलं. आता हे उकरून कोनाचं भलं होते?" चंपतरावाला कोणी जाब विचारला नाही. रुपरावाचं दुसरं लग्न होऊन त्याचा मुलगा शाळेत जात होता.

वच्छला आपली पेटी उचलून इंदूबाईंच्या मागच्या खोलीत राहायला आली. कुंकू लावलं नाही, आणि मेलेल्या नवऱ्याचं श्राद्धही पुन्हा मानलं नाही. ती पावशी कोणाला तरी देऊन टाका, असं तिनं एकदा म्हणून पाहिलं. "धार चांगली आहे, राहू दे," इंदूबाई म्हणाल्या. त्यांना कारण माहीत नव्हतं, तिनं सांगितलंही नाही. रोजची भाजी ती त्याच पावशीवर चिरत राहिली.

त्र्याऐंशीत छातीच्या आजारानं देवाजीला धंतोलीतल्या एका दवाखान्यात आणलं. एका दुपारी जिजा रिकामा डबा घेऊन विचारत विचारत इंदूबाईंच्या मागच्या दाराशी आली. वच्छला कोण, हे आता तिला कळलं होतं.

"मले तवा माहीत नव्हतं, बाई."

"मले बी नव्हतं," वच्छला म्हणाली. "बस."

तिनं ताटात भाकर आणि वांग्याची भाजी वाढली. जिजा मान वर न करता जेवली, बाईच्या पोटात कालपासून काही नसावं. जेवून झाल्यावर तिनं डबा पुढं केला.

"त्यायच्यासाठी थोडी पेज देता काय? दुसरं काही उतरत नाही त्यायले."

चुलीवर भात शिजत होता, पेज काढायला वेळ लागला नसता.

"ते नाही होत माह्यानं," वच्छला म्हणाली. "तुले भूक लागली त येत जाय."

जिजानं डब्याचं झाकण लावलं आणि पायऱ्या उतरून दवाखान्याच्या गल्लीत गेली. वच्छलेनं भाताखालचा जाळ कमी केला.